पलीकडच्या माळ्यावरचं उत्तर

मार्च २०२२ च्या शेवटी श्रीलंकेत दिवसाला तेरा-तेरा तास वीज जात होती. आम्ही तेव्हा कोलंबोच्या बाहेर, नुगेगोडला राहत होतो. नवऱ्याची नोकरी इथली. माझी पुण्यातल्या एका कंपनीची, घरून चालणारी. काम ध्वनीच्या सॉफ्टवेअरचं. वीज नाही म्हणजे इंटरनेट नाही, पंखा नाही, आणि पुण्याहून फोन की फाइल कधी पाठवताय. गॅससाठी रांग, पेट्रोलसाठी रांग, दूध पावडरीसाठी रांग. त्या महिन्यांत माझी झोप उडाली ती उडालीच. रात्री दीडच्या सुमारास छातीत धडधड सुरू व्हायची, तळहातांना घाम फुटायचा, आता काहीतरी होणार असं वाटून मी उठून बसायचे. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, काही निघालं नाही. ताण आहे म्हणाले, श्वासाचे व्यायाम करा म्हणाले.

श्वास शिकवणारी दोन-तीन अ‍ॅप मी फोनवर घेतली. पडद्यावर एक गोल फुगतो, एक गोल आक्रसतो, मागे समुद्राची गाज आणि एक मऊ आवाज. मला त्याने उलट जास्तच एकटं वाटायचं. तो आवाज माझ्याशी बोलत नव्हता. कुणाशीच बोलत नव्हता.

अशाच एका रात्री शेजारच्या आच्ची ओसरीवर बसून काहीतरी गुणगुणत होत्या. आच्ची म्हणजे सिंहलीत आजी. वय ऐंशीच्या पुढे, मूळ गाव उवा प्रांतातल्या मोनरागल जिल्ह्यातलं बिबिले. मी कुंपणाशी गेले. त्यांनी एक ओळ म्हटली, शेवटचा स्वर लांबवत नेला आणि थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मला वाटलं, विसरल्या. मग पुढची ओळ आली, तशीच लांबवलेली, आणि पुन्हा शांतता. माझ्या मोडक्यातोडक्या सिंहलीत मी विचारलं, "आच्ची, मध्येच का थांबता?"

"मी कुठे थांबते, दुवे?" त्या म्हणाल्या. दुव म्हणजे मुलगी. "मधली ओळ पलीकडच्या रांगेतल्या बायकांची असते. त्यांना म्हणू द्यायला नको?"

भातखाचरातून बाहेर पडून त्यांना चाळीस वर्षं झाली होती. पलीकडची ती रांग केव्हाच पांगली होती. तरी तिच्या वाट्याची जागा आच्चींनी मोकळी ठेवली होती. त्या काळोखात कुंपणाला धरून उभी असताना, कितीतरी दिवसांनी माझा श्वास पोटापर्यंत गेला.

पुढची दोन वर्षं मी ज्या कामात बुडाले, त्याचं मूळ त्या रात्रीत आहे.

सिंहलीत 'कवी' म्हणजे कविता. ती करणारा तो 'कविया'. आपल्या कानाला हे सुरुवातीला अडखळवतं. लोकगीतं म्हणजे जन कवी. त्यांची नावं कामावरून पडली आहेत. भाताच्या चिखलात वाकून काम करणाऱ्या बायकांची नेळुम कवी. कापणीची गोयम कवी, आपल्या भलरीची सख्खी बहीण म्हणावी अशी. बैलगाडीवाल्यांची करत्त कवी, नदीत तराफा हाकणाऱ्यांची पारू कवी, ग्रॅफाइटच्या खाणीत उतरणाऱ्यांची पतल कवी. आणि पॅल कवी. पॅल म्हणजे शेतातला राखणीचा माळा. जंगल तोडून केलेल्या शेताला इथे हेन म्हणतात. तिथे पिकणाऱ्या कुरक्कनवर, म्हणजे आपल्या नाचणीवर, रात्री रानडुकरं आणि हत्ती येतात. माळ्यावर एकटा बसलेला राखण्या जागं राहण्यासाठी कवी म्हणतो, आणि दूरच्या दुसऱ्या माळ्यावरून दुसरा कुणी त्याला उत्तर देतो.

गाडीवाल्यांच्या एका प्रसिद्ध कवीत हपुतलेचा डोंगर समोर दिसल्यावर पोटात आग पडते, आणि गाडीवान बैलांना म्हणतो, पाप केलेल्या बैलांनो, ओढा, डोंगर चढायचाय. हे मी पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा अंगावर काटा आला. 'पोटात आग पडते' ही तीच गोष्ट, जी मी डॉक्टरांना इंग्रजीत समजावून सांगायचा प्रयत्न करत होते. कष्ट, रात्र आणि भीती, हे तिन्ही या गाण्यांना चांगलं ओळखीचं आहे. माझी आजी कऱ्हाडजवळच्या खेड्यातली; पहाटे जात्यावर बसली की तिची ओवी पण अशीच आपल्या जिवाची धग कुणातरी ऐकणाऱ्या बाईच्या ओंजळीत टाकायची. त्यामुळे हे मला परकं वाटलं नाही.

आच्चींची गाणी मी रेकॉर्ड करायला घेतली. सोबत एक सिंहली तरुण होता, स्टुडिओत ध्वनिमुद्रण करणारा. तो मला अक्का म्हणायचा आणि मी त्याला मल्ली, म्हणजे धाकटा भाऊ. अक्का हा शब्द तिथेही मोठ्या बहिणीसाठीच आहे. तिसरी एक समुपदेशक बाई, जिच्याकडे ताणाने, भीतीने बेजार झालेली माणसं यायची. त्या संकटाच्या वर्षात तिच्याकडे रीघ लागली होती. तिचं म्हणणं होतं की माणसांना हातात काहीतरी द्यायला हवं, रात्री दीड वाजता चालेल असं, आणि त्यांच्या भाषेतलं. म्हणून या गाण्यांचं एक अ‍ॅप आम्ही तिघांनी करायला घेतलं.

आधी मी मोजमाप केलं. ही गाणी जेमतेम तीन, चार, पाच स्वरांत फिरतात. सिंहली संगीतात त्यांचे दोन ढीग करतात: आघातात्मक, म्हणजे ठेक्यात बांधलेली, आणि अनाघातात्मक, म्हणजे ठेक्याविना, श्वासाच्या लांबीवर चालणारी. बऱ्याच कवी चार ओळींच्या, चारही ओळींच्या शेवटी एकच यमक. समुद्रघोष नावाच्या छंदात प्रत्येक ओळ अठरा मात्रांची. आच्ची ठेक्याविना म्हणायच्या तेव्हा त्यांची एक ओळ सात ते नऊ सेकंद चालायची, मग श्वास. म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. हा आकडा पाहून मी खुर्चीत सरळ बसले. इटलीतल्या पाविया विद्यापीठातले लुचानो बेर्नार्दी यांनी २००१ साली दाखवलं होतं की लॅटिनमधून जपमाळेची प्रार्थना म्हणताना किंवा योगातला मंत्र म्हणताना माणसाचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो, आणि त्या गतीला हृदयाच्या ठोक्यांची लय आणि रक्तदाब एकमेकांच्या तालात येतात. आच्चींना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. चिखलात वाकून काम करताना जेवढा दम पुरतो, तेवढी त्यांची ओळ.

आणि एवढं हातात असताना आम्ही पहिलं काय केलं, तर चूक.

आच्चींचा आवाज घेतला, मागे बासरी घातली, दऱ्याखोऱ्यांत घुमल्यासारखा प्रतिध्वनी दिला, पडद्यावर पाण्याचे तरंग. छान वाटत होतं. आच्चींना हेडफोन लावून ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि हेडफोन काढून विचारलं, "हे कोण कुणाला म्हणतंय?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्या आवृत्तीत मी आणखी एक काम केलं होतं, जे सांगताना आजही वाईट वाटतं. आच्चींचा एक स्वर गंधाराच्या जरा खाली लागायचा. प्रत्येक वेळी, नेमका तेवढाच खाली. मी तो सॉफ्टवेअरने 'बरोबर' केला. मल्लीने ऐकलं आणि गप्प झाला. नंतर चहा पिताना त्याने १९५२ ची गोष्ट काढली. रेडिओ सिलोनने गायकांची श्रेणी ठरवायला भारतातून पंडित श्रीकृष्ण रातंजनकरांना बोलावलं होतं. रातंजनकर म्हणजे आपल्या मुंबईचे, भातखंड्यांचे शिष्य. उत्तर भारतीय रागसंगीताच्या मापाने इथल्या गायकांची परीक्षा झाली. सुनील शांत हे इथले मोठे गायक-संगीतकार. ते स्वतः लखनौला शिकून आलेले, पण त्यांनी त्या परीक्षेला बसायला नकार दिला, आणि त्यांचा आवाज रेडिओवरून कितीतरी वर्षं ऐकू येईनासा झाला. मल्लीने हे रागाने सांगितलं नाही. पण मी मराठी आहे हे त्याला माहीत होतं आणि तो काय म्हणतोय हे मला कळत होतं. रातंजनकरांबद्दलचा माझा आदर तसाच आहे. तरीही त्या संध्याकाळी मी घरी जाऊन आच्चींचा गंधार होता तिथे परत ठेवला.

दुसरी आवृत्ती ढोलाची होती. कॅन्डीच्या डोंगराळ भागात गॅट बेरय वाजतं: पखवाजासारखं मधे फुगीर, कमरेला बांधून दोन्ही हातांनी वाजवायचं. त्याचे मूळ चार बोल तत्, जित्, तों, नं. ताल मोजायची इथली रीत मला फार आवडते. तिला तित म्हणतात. सुळु तित दोन मात्रांची, मॅद तित तीन, महा तित चार. आणि यांची जोडणी करून ताल बनतात. मॅद-महा म्हणजे तीन अधिक चार. मी ऐकताक्षणी मनात म्हटलं, तीनवर श्वास आत, चारवर बाहेर! बाहेरचा श्वास आतल्यापेक्षा लांब असावा असं समुपदेशक बाई सांगतच होती. तयार मापच मिळालं.

मी एक आवर्तन दहा सेकंदांचं केलं आणि कॅन्डीजवळच्या एका गुरुन्नान्सेंना ऐकवायला घेऊन गेले. गुरुन्नान्से म्हणजे परंपरेतले गुरुजी. घराच्या पडवीत खुंटीला बेर टांगलेलं, शेजारी नातू गृहपाठ करत बसलेला. त्यांनी माझा फोन कानाशी धरला. "या बेराला बरं नाही का?" त्यांनी खऱ्या काळजीने विचारलं. सात ठोके दहा सेकंदांत पसरले की ठोका ठोक्याला भेटत नाही. मधे काळीज लटकतं. मी सांगितलं की श्वासासाठी हळू हवंय. त्यांनी नातवाला बेर काढायला सांगितलं, मांडीवर आडवं घेतलं आणि माझ्याच गतीला तीच तीन-चारची मोजणी धरली. फक्त दोन मोठ्या ठोक्यांच्या मधल्या पोकळीत बोटांनी बारीक बोल पेरले. एकदम जिवंत झालं. मोठा ठोका श्वासाला धरून ठेवत होता आणि बारीक बोल मनाला भरकटू देत नव्हते. "चाल हळू असली तरी पाय थांबत नाहीत," ते म्हणाले. ते दोन तास मी विसरणार नाही. त्यांच्या बोटांच्या पेरांवर कातड्याचे काळपट घट्टे पडलेले होते, आणि डाव्या हाताचा 'तों' पडला की जमिनीवर ठेवलेल्या पितळी तांब्यातलं पाणी शहारायचं.

तो 'तों' फोनमधून येईना. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला खर्जाचा आवाज झेपत नाही. उरतो तो नुसता टकटकाट. मल्लीला तांब्यातलं पाणी आठवलं. त्याने 'तों' पडताक्षणी फोनची थरथर सुरू होईल असं केलं. फोन छातीवर ठेवून झोपलं की तो ठोका हाडाला कळतो. या एका गोष्टीवर आम्ही तिघंही एकमताने खूश होतो.

तेव्हा एक मोह झाला होता. या देशात बेर आणि उपचार यांचं नातं फार जुनं आहे. दक्षिणेत तोविल होतं: कुणाला बरं नसलं, मन ढळलं, की रात्रभर चालणारा शांतिकर्माचा विधी. त्यात यक बेरय वाजतं, मुखवटे घालून नाचतात. सन्नी यकुमात अठरा आजारांचे अठरा यक्ष येतात. मातरजवळच्या एका गावात मी एक रात्र हे पाहिलं. मी मनाशी एक गंभीर, भयंकर चित्र घेऊन गेले होते. पाहिलं ते वेगळंच. मुखवटा घातलेला यक्ष येतो, ढोलवाला त्याला दरडावून विचारतो, कोण तू, इथे कशाला आलास? यक्ष काहीतरी वेडंवाकडं उत्तर देतो, बसलेलं सगळं गाव हसतं. प्रश्न, उत्तर, पुन्हा प्रश्न. पहाटेकडे चटईवर बसलेली ती आजारी बाईसुद्धा पदरात तोंड लपवून हसत होती. आजाराला नाव देऊन, समोर बसवून, चारचौघांत त्याची उलटतपासणी. इथेही कुणीतरी कुणाशी बोलत होतं.

ते ताल अ‍ॅपमध्ये घ्यावेत असं मला वाटलं. तिथल्या ऍदुरांनी, म्हणजे विधी चालवणाऱ्या गुरूंनी, शांतपणे नाही म्हटलं. काही ताल हे बोलावण्याचे असतात. बोलावलं की निरोपही द्यावा लागतो. "तुमचं बटण अर्ध्यात बंद केलं तर निरोप कोण देणार?" हे ढोल पिढ्यान्‌पिढ्या बेरवा जातीतल्या माणसांनी सांभाळले, त्यासाठी अपमानही सोसले, नाही म्हणायचा हक्क त्यांचाच. तोविलचा एकही बोल आम्ही घेतला नाही. भिक्षूंचं पिरित पठणही घेतलं नाही. ते ऐकायला माणसं पाय धुऊन बसतात, हाताला धागा बांधून घेतात. त्याला झोपेच्या अ‍ॅपची पार्श्वभूमी करणं मला मनापासून अयोग्य वाटतं.

तिसरी आवृत्ती मात्र आच्चींच्या प्रश्नातून निघाली. कोण कुणाला म्हणतंय? तर तुम्ही म्हणायचं, आणि फोनने उत्तर द्यायचं.

शब्द येण्याची गरज नाही. ओठ मिटून नुसता एक स्वर धरायचा, दम पुरेल तेवढा. फोनचा माइक तो ऐकतो, त्याची उंची मोजतो, आणि तुम्ही स्वर सोडला की त्याच उंचीवरून आच्चींची किंवा आणखी कुणाची एक ओळ सुरू होते. ती संपली की पुन्हा तुमची पाळी. स्वर धरला म्हणजे बाहेरचा श्वास आपोआप लांबतो; श्वास मोजा असं वेगळं सांगावं लागत नाही. स्वराची उंची शोधायची रीत मला कामातून माहीत होती, ते दोन आठवड्यांत झालं.

पहिल्याच रात्री फोन पंख्याशी बोलत बसला. कोलंबोत छताचा पंखा बारा महिने फिरतो, आणि त्याची घरघर माइकला एखाद्या धीरगंभीर पुरुषाच्या हुंकारासारखी वाटली. पंखा घुमतो, फोन कवी म्हणतो, पंखा पुन्हा घुमतो. नवरा उठून बसला. मग पावसाळा आला आणि तकरंवर, म्हणजे पत्र्यावर, पडणारा पाऊस. तोही फोनला गाणंच वाटला. शेवटी असं केलं की फोन आधी पाच सेकंद खोली ऐकून घेतो, आणि जो आवाज जराही हलत नाही त्याला माणूस समजत नाही. माणसाचा स्वर कितीही धरला तरी किंचित थरथरतोच. त्या थरथरीवरून फोन आपल्याला ओळखतो.

समुपदेशक बाईने तिच्या माहितीतल्या दहा-बारा जणींना, त्यांच्या राजीखुशीने, ते वापरायला दिलं. दोन गोष्टी लगेच कळल्या. कॅमेऱ्यावर बोट ठेवून नाडीचे ठोके दाखवायची सोय मी मोठ्या हौसेने केली होती; बायका तो आकडाच बघत बसायच्या आणि तो उतरला नाही की जास्त घाबरायच्या. मी ते काढून टाकलं. दुसरी गोष्ट अंगाईची. दरु नॅळविली, म्हणजे बाळाला झोपवायच्या कवी, आम्ही सगळ्यांत आधी ठेवल्या होत्या. झोपेसाठी अंगाईच असणार, यात विचार काय करायचा? एक मुलगी, कपड्यांच्या कारखान्यात काम करणारी, पहिल्या दोन ओळींतच रडायला लागली आणि थांबेना. ती चार वर्षांची असताना तिची आई आखातात घरकामाला गेली होती. इथल्या किती घरांतून आया अशा गेल्या आहेत! तिच्यासाठी अंगाई म्हणजे विमानतळ. समुपदेशक बाई तिच्याजवळ तासभर बसली. त्यानंतर अंगाया आम्ही आतल्या कप्प्यात ठेवल्या. ज्याला हवी त्याने स्वतः उघडावी. त्याच मुलीला नंतर गाडीवाल्यांची कवी आवडली. पाप केलेल्या बैलांनो, ओढा. रात्रपाळीवरून बसने येताना ती इयरफोन लावून ओठांतल्या ओठांत उत्तर द्यायची.

मला स्वतःला मात्र काहीतरी खटकत होतं. धडधड कमी व्हायची, पण झोप लागत नव्हती. ओळ, उत्तर, ओळ, उत्तर. परीक्षेची तोंडी चालल्यासारखं. कारण सापडेना.

ते सापडलं बिबिलेला. आच्चींचे धाकटे दीर अजून तिथे हेन करतात. दिवसभराचा बसप्रवास करून मी आणि मल्ली गेलो. सगळे त्यांना सीया, म्हणजे आजोबा, म्हणत. मीही तेच म्हणू लागले. कुरक्कन दाण्यात आलं होतं. झाडाच्या दुबेळक्यात लाकडं बांधून केलेला माळा, वर तकरंचा तुकडा, चढायला बांबूची शिडी. खाली ओंडका धुमसत ठेवलेला. हत्तींसाठी फटाके प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोपऱ्यात; त्यांना अली वेडी म्हणतात. हे काही जुन्या काळचं चित्र नव्हे. हत्ती आणि माणूस यांच्या झगड्यात या देशात आजही दर वर्षी शेकडो हत्ती आणि शंभराहून जास्त माणसं मरतात. सीयांच्या गुडघ्यावर जुनी, वेडीवाकडी शिवण होती. त्याबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

रात्री नऊनंतर त्यांनी एक पॅल कवी म्हटली. गळा बसलेला, पण शेवटचा स्वर असा दूर फेकला की अंधाराला लांबी आहे हे कळलं. कुठूनही उत्तर आलं नाही. समोरच्या माळ्यावर एक पोरगा होता, त्याच्या फोनचा उजेड दिसत होता. "पूर्वी त्याचे आजोबा द्यायचे उत्तर," सीया म्हणाले.

मी त्यांच्या हातात माझा फोन दिला. काय करायचं ते मल्लीने समजावलं. सीयांनी स्वर धरला, सोडला. सोडल्याबरोबर, एका सेकंदात, फोनने आच्चींच्या आवाजात ओळ म्हटली. वहिनीचा आवाज ओळखून ते आधी खूप हसले. मग पुन्हा एकदा करून पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं, आणि फोन मला परत दिला.

"याला घाई आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "म्हणजे कसं, सीया?"

"पलीकडचा माणूस आधी ऐकतो. मग विस्तवात लाकूड सारतो. कुत्रं भुंकत असलं तर ते थांबू देतो. मग त्याला ओळ सुचते, मग तो म्हणतो. तोपर्यंत आपण कान लावून बसतो. त्यात बरं वाटतं. तुझा फोन ऐकतच नाही, बोलायला टपून बसलाय."

मी बराच वेळ काही बोलले नाही. कुंपणाशी पहिल्या रात्री आच्ची थांबल्या होत्या, ती जागा मी एका सेकंदाची करून टाकली होती. तंत्राच्या माणसाला उत्तर जितकं लवकर तितकं चांगलं, हे इतकं अंगात मुरलेलं असतं की त्याच्याकडे बघावंसंही वाटत नाही. आणि बेर्नार्दी यांचंच २००६ सालचं काम मी वाचलेलं होतं: वेगवेगळं संगीत ऐकवताना मधे सोडलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत माणसं संगीतापेक्षाही जास्त सैल झाली होती. वाचलं होतं, खूण करून ठेवलं होतं. उपयोग मात्र सीयांनी सांगितल्यावर झाला.

त्या रात्री माळ्यावरच, मांडीवर लॅपटॉप घेऊन, मी तो आकडा बदलला. एक सेकंदाचे सहा ते चौदा सेकंद, दर वेळी वेगळे. मधल्या वेळात संगीत नाही, पडद्यावर काही नाही. फक्त तिथल्या रात्रीचा आवाज, जो मल्ली खाली उभा राहून रेकॉर्ड करत होता: रातकिडे, ओंडक्याची तडतड, दूर एक कुत्रं. सीया म्हणाले की कधीकधी पलीकडचा झोपलेला असतो, मग उत्तर येतच नाही, तेही ठेव. ते मी ठेवलंही. पण कोलंबोला आल्यावर समुपदेशक बाईने ठाम नकार दिला. घाबरलेल्या माणसाला उत्तर न येणं सोसणार नाही, आणि तिचं बरोबर होतं. ते काढलं.

माळ्यावरून उतरायच्या आधी सीयांनी फोन पुन्हा मागितला. स्वर सोडला आणि काठी मांडीवर आडवी घेऊन बसले. दहा-अकरा सेकंद गेले असतील. समोरच्या माळ्यावरचा उजेड विझलेला होता. मग आच्चींची ओळ आली. सीयांनी या वेळी फोनकडे पाहिलं नाही. ते अंधाराकडे बघत होते, आणि ओळ संपल्यावर त्यांनी घसा साफ करून पुढची ओळ शब्दांसकट म्हटली.

घरी आल्यावर पहिल्या रात्री मी फोन छातीवर ठेवला, दिवा घालवला. पाच सेकंद फोनने खोली ऐकली. मी स्वर धरला, उत्तर आलं. दुसरा धरला, उत्तर यायला वेळ लागला. त्या वेळात मला पंखा ऐकू आला, शेजारच्या फाटकाची कडी ऐकू आली, आच्चींच्या घरातला खोकला ऐकू आला. मी वाट बघत होते. तिसरा स्वर सोडला.

सकाळी नोंदी उघडल्या. माझा शेवटचा स्वर ११ वाजून ४२ मिनिटांचा होता. बारा सेकंदांनी फोनने उत्तर दिलेलं होतं. ते मी ऐकलं नव्हतं.